पुस्तक समोर आहे, मग चुकतं कुठं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परभणीचा पारा घसरला की कृषी विद्यापीठातला आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि शेकोटीभोवती कुणीतरी हमखास सांगतं, सूर्य सध्या लांब गेलाय ना, म्हणून. बाकीचे मान डोलावतात. पृथ्वी त्याच आठवड्यात सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सगळ्यात लांब जाते ती जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर. हा पन्नास लाखांचा फरक ऋतू घडवायला पुरत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळं डिसेंबरच्या शेवटी परभणीत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. ऊन तिरपं, दिवस लहान, रात्र मोठी, त्यात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसाची ऊब रात्री झपाट्यानं निघून जाते.

आता हाच प्रश्न नववीच्या वर्गाला पुस्तक उघडं ठेवून विचारा. दोन्ही अंतरं पुस्तकातल्या तक्त्यात छापलेली असू द्या. तरी कितीतरी मुलं ‘सूर्य लांब असतो म्हणून’ असंच लिहितील, कारण त्या तक्त्याचं पान ती उलटणारच नाहीत. येत नाही असं वाटलं तरच माणूस पुस्तक चाळतो. जे पक्कं ठाऊक आहे ते तपासायला कोण जातो? ओपन बुक, म्हणजे पुस्तक सोबत ठेवून द्यायच्या परीक्षेतले हकनाक गेलेले मार्क शोधायला बसलं तर निम्मे इथं सापडावेत. उरलेले निम्मे घड्याळ खातं, त्याचा हिशेब पुढं येईलच.

आपल्याकडं परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक म्हणजे कॉपी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की पुस्तकाला परवानगी आहे म्हटल्यावर घरात आधी चेष्टाच होते. लातूरकडच्या घरात बोलणं साधारण असं चालतं:

“काय करूलालास रे?”

“पुस्तकाला चिठ्ठ्या लावूलालो, आबा. पेपरला न्यायचंय.”

“पेपरला? मग अभ्यास कशाला करूलालास?”

आबांना दोष देण्यात अर्थ नाही. भरारी पथकाची जीप आली की खिडकीतून बाहेर पडणारी गाईडची पानं त्यांनी पाहिलेली असतात. पंचाईत अशी की नातवालाही मनातून तसंच वाटत असतं. वर्षभर तो निवांत राहतो, आदल्या आठवड्यात संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून किंवा नांदेडच्या एखाद्या दुकानातून चार पुस्तकं आणतो आणि त्यांना रंगीत चिठ्ठ्या लावत बसतो. पुस्तकाची तयारी झक्क होते, त्याची स्वतःची राहून जाते.

ही परीक्षा आपल्या मुलांच्या वाट्याला येते तरी कुठं, असं वाटत असेल तर आजूबाजूला पाहा. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिझाइनच्या पेपरला आयएस ४५६ (काँक्रीट) आणि आयएस ८०० (पोलाद) ही बांधकामाची मानकं बऱ्याच ठिकाणी सोबत नेता येतात, मेकॅनिकलला स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते. सीए फायनलचा सहावा पेपर मे २०२४ पासूनच्या नव्या योजनेत ओपन बुक आहे, चार तासांचा. वकिलीच्या ऑल इंडिया बार परीक्षेत बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्य-टीपा नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, बाळगता येतो. सीबीएसईनं २०१४ मध्ये नववी-अकरावीला असा प्रकार आणला होता, मजकूर मुलांना आधीच दिला जाई. तीन-चार वर्षांत तो गुंडाळला. आता २०२६-२७ पासून नववीत पुन्हा आणायला मंडळानं मंजुरी दिली आहे. आपल्या भागातली बहुतेक मुलं राज्य मंडळाची, त्यामुळं त्यांची या प्रकाराशी पहिली गाठ पडते ती थेट कॉलेजात, आणि तीही कुणी काही न शिकवता.

घड्याळाचा हिशेब बार परीक्षेवरच मांडू, तिथले आकडे सुटसुटीत आहेत. प्रश्न १००, वेळ साडेतीन तास धरू, म्हणजे २१० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटं सहा सेकंद. प्रश्न वाचून, पर्याय तोलून, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळा भरायला सरासरी एक मिनिट धरा. १०० मिनिटं तिथंच गेली. शेवटी उत्तरपत्रिका तपासायला दहा मिनिटं राखा. हातात उरली १०० मिनिटं. कलम कुठं आहे हे ठाऊक नसेल तर अनुक्रमणिका, प्रकरण, कलम, पोटकलम असा प्रवास तीन-चार मिनिटं सहज खातो. म्हणजे अशी शोधाशोध जास्तीत जास्त पंचवीस ते तेहतीस प्रश्नांसाठी परवडते. बाकीचे सदुसष्ट-पंचाहत्तर डोक्यातूनच सुटायला हवेत. पास व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात, आणि चुकीला मार्क कापत नाहीत. एवढं सैल असूनही लोक आपटतात. पहिल्या वीस प्रश्नांवर तासभर पुस्तक उलटत बसलं की पुढं श्वास घ्यायला वेळ उरत नाही.

तेच कलम कुठं आहे हे माहीत असेल तर तीस-चाळीस सेकंदांत हाती लागतं. म्हणून तयारीतला मोठा भाग ‘कुठं’ पाठ करण्याचा. कलमाचा शब्दन्‌शब्द पाठ नको, त्याचं घर आणि त्याचे शेजारी ठाऊक हवेत.

त्यासाठी स्वतःची सूची लागते. पुस्तकाच्या मागं छापलेली चालत नाही, कारण ती लेखकाच्या शब्दांत असते आणि घाईत आपल्याला आपलाच शब्द आठवतो. ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजू, त्यापेक्षा जास्त नाही. अ, आ, क, ख असा क्रम. डावीकडं आपल्या तोंडी बसलेला शब्द, उजवीकडं कलम किंवा तक्त्याचा नंबर, त्यापुढं पान. एकाच गोष्टीला दोन नावं सुचत असतील तर ती दोन्ही ठिकाणी लिहावी. सत्तर-ऐंशी नोंदींत काम भागतं. दोनशे झाल्या की सूचीसाठीच सूची लागायची वेळ येते. जिथं हाताचं लिखाण न्यायला बंदी आहे, उदाहरणार्थ २०२१ पासून बार परीक्षेत, तिथंही ही सूची करावीच. करता करता ती निम्मी डोक्यात उतरते, आणि कागद घरी राहिला तरी फारसं अडत नाही. चिठ्ठ्यांचंही तसंच. एका पुस्तकाला वीस-पंचवीस पुरेत, आणि त्या हॉलमध्ये चालतात का हे हॉलतिकिटामागच्या सूचनांत आधीच वाचून ठेवावं. सगळीकडं रंगीत शेपट्या लोंबू लागल्या की कुठलीच शेपटी नजरेत भरत नाही.

हायलायटरबद्दल मात्र माझं मत कडू आहे. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र मांडलं, त्यात मजकूर रंगवणं आणि तोच तो पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. आपल्या अभ्यासिकांमध्ये सर्वात जास्त चालतात त्या नेमक्या याच. पिवळं केलेलं पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं.

जास्त पुस्तकं आणली म्हणजे सुरक्षित, हाही एक भ्रम. मोंढ्यात यादीशिवाय शिरलेल्या माणसासारखी गत होते. माल सगळा समोर, आणि काय घ्यायचं ते आठवत नाही. एका विषयाला एक पुस्तक, आणि सराव ज्या आवृत्तीवर केला तीच हॉलमध्ये. नवी कोरी आवृत्ती आदल्या दिवशी घेतली की पानांचे नंबर हलतात आणि सूची निकामी होते.

जुन्या आवृत्तीचा धोका वेगळा आणि कायद्यात तर जीवघेणा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे आले. खून म्हणजे ३०२, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे, आणि तिथलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोललेल्या शब्दांबद्दल आहे. फसवणुकीचं ‘चारसोबीस’ आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलं. सगळ्यात वाईट सापळा ४८२ चा. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून घ्यायला याच कलमाखाली अर्ज होत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. आता प्रश्नात ‘नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२’ आलं आणि पर्यायांत ‘अंगभूत अधिकार’ दिसलं, तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या आवारात कान तयार झालेला उमेदवार पुस्तकाकडं न बघताच गोळा भरतो. पुस्तक पुढ्यात, नवं, बरोबर छापलेलं.

लोकांच्या तोंडी बसलेल्या अशा गोष्टी प्रश्न काढणाऱ्यालाही ठाऊक असतात. हिंदी ही राष्ट्रभाषा, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. संविधानाचा अनुच्छेद ३४३ हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतो, आणि कुठल्याच भाषेला राष्ट्रभाषा म्हणणारा अनुच्छेद संविधानात नाही. अटक झाली की चोवीस तासांत कोर्टात उभं करायचं, हेही सगळे सांगतात. अनुच्छेद २२ (२) मध्ये त्या चोवीस तासांतून अटकेच्या ठिकाणापासून दंडाधिकाऱ्यापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ वगळला आहे. चार पर्यायांतले दोन ‘चोवीस तास’ म्हणणारे असतात, एक प्रवासासकट, एक प्रवास सोडून. अर्धवट माहितीवाल्याला पहिला दिसला की पुरतो.

इंजिनिअरिंगमधलं एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण तिथं चूक कागदावर राहत नाही. काँक्रीट छेद बल (शिअर, म्हणजे तुळई कापू पाहणारा जोर) किती पेलेल हे आयएस ४५६ च्या तक्ता १९ मधून काढतात. समजा तुळई २३० मिलिमीटर रुंद, प्रभावी खोली (वरच्या कडेपासून खालच्या सळयांच्या मध्यापर्यंत) ४००, काँक्रीट एम २० प्रतीचं. खालच्या बाजूला १६ मिलिमीटरच्या चार सळया, पण त्यातल्या दोन आधाराकडं जाताना मध्येच थांबवलेल्या, आणि प्रश्न त्या थांबवलेल्या जागेजवळच्या छेदाचा, म्हणजे तिथल्या आडव्या कापाचा. पोरं चारही सळयांचं क्षेत्रफळ घेतात, ८०४ चौरस मिलिमीटर. शंभरानं गुणून २३० गुणिले ४०० नं भागलं की ०.८७ टक्के पोलाद येतं. तक्त्यात ०.७५ ला ०.५६ आहे आणि १.०० ला ०.६२, मधली किंमत ०.५९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. गणित बिनचूक, उत्तर चूक. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप आहे: विचारात घेतलेल्या छेदाच्या पुढं निदान एका प्रभावी खोलीइतक्या चालू राहणाऱ्या सळयाच मोजायच्या, आधारापाशी काय ती पूर्ण सूट. म्हणजे इथं दोनच सळया, ४०२ चौरस मिलिमीटर, ०.४४ टक्के. ०.२५ ला ०.३६ आणि ०.५० ला ०.४८ यांच्यामधली किंमत ०.४५ निघते. ०.५९ धरलं तर काँक्रीटला तीस टक्क्यांहून जास्त ताकद फुकट बहाल केली आणि छेद बल पेलणाऱ्या लोखंडी रिंगा तेवढ्या कमी टाकल्या. तक्ता उघडलेला असतो, बोट बरोबर ओळीवर असतं, नजर मात्र खालच्या दोन ओळींपर्यंत जात नाही. तक्ता कसा वाचायचा हे ‘येत’ असतं ना. म्हणून मानकांचा सराव करताना आकड्यांआधी टिपा वाचाव्यात, आणि सूचीत तक्त्याच्या नंबरापुढं दोन शब्दांत तिथली अट लिहावी: ‘तक्ता १९, पुढं चालू सळयाच’.

तर मग ही खोटी खात्री आधीच हुडकून कशी काढायची? यासाठी लागतं ते एवढंच: मागची प्रश्नपत्रिका, दोन रंगांची पेनं आणि थोडा प्रामाणिकपणा. चाळीस प्रश्न घ्या, पुस्तक बंद. निळ्या पेनानं उत्तर लिहा आणि प्रत्येकापुढं एक अक्षर: पक्कं असेल तर ‘प’, अंदाज असेल तर ‘अ’, काहीच सुचत नसेल तर फुली. अक्षर उत्तरासोबतच लिहायचं, नंतर नाही. नंतर लिहिलं की मन लबाडी करतं. सगळे झाले की पुस्तक उघडा आणि लाल पेनानं प्रत्येक उत्तर तपासा, ‘प’ वालीसुद्धा. फुल्यांची फार काळजी नको, तिथं तुम्ही परीक्षेत पुस्तक उघडणारच आहात. ‘अ’ असून बरोबर आलेल्यांचं पान पाहून ठेवा. ‘प’ असून चुकलेली मात्र वेगळ्या वहीत उतरवा, डावीकडं आपल्याला काय वाटत होतं ते, उजवीकडं खरं काय आणि कुठल्या पानावर. चाळिसात अशी चार निघाली तरी त्या बैठकीचं चीज झालं. तीन-चार दिवसांनी उजवी बाजू झाकून तेच पुन्हा लिहा.

पक्कं बसलेलं चुकीचं सहजी सुटत नाही, अशी आपली समजूत असते. निदान प्रयोगशाळेत तरी उलट दिसलं आहे. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की पूर्ण खात्रीनं केलेली चूक लगेच दुरुस्त करून दाखवली, तर पुढच्या वेळी ती अंदाजानं केलेल्या चुकीपेक्षा जास्त वेळा सुधारलेली आढळते. धक्का बसतो, म्हणून लक्षात राहतं. पण धक्का बसायला चूक उघडी तर पडली पाहिजे, आणि नुसतं वाचत राहिलेल्याची ती कधीच पडत नाही.

लातूर पॅटर्नला या परीक्षेत नावं ठेवायची एक फॅशन आहे, पाठांतर म्हणून. मला ते अर्धच पटतं. घड्याळ लावून पेपरमागून पेपर सोडवण्याची जी शिस्त त्या पॅटर्ननं लावली ती इथं जशीच्या तशी कामाला येते. कामाला येत नाही ती ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर ही सवय, कारण या पेपरात प्रश्नच तसा येत नाही.

दीर्घोत्तरी पेपरात हे जास्त जाणवतं. समजा उताऱ्यात लातूरच्या २०१६ च्या टंचाईची माहिती आहे: मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाण्याची रेल्वे, आधी दहा वाघिणींची (टाकीच्या डब्यांची), नंतर पन्नास, प्रत्येक वाघीण सुमारे ५० हजार लिटरची, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार, शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. प्रश्न येतो: ‘रेल्वेने लातूरची तहान भागवली, हे विधान तपासा.’ पाठांतरवाला उतारा आपल्या शब्दांत पुन्हा लिहून काढतो, दोन पानं भरतो आणि ‘अशा प्रकारे’ करून थांबतो. तपासणाऱ्याकडंही तोच उतारा आहे, त्याला त्याची नक्कल नको आहे.

पन्नास वाघिणी म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. ३ लाख ८३ हजारांनी भागा, माणशी साडेसहा लिटर. पूर्ण गरज धरली तर रोज ५ कोटी १७ लाख लिटर, म्हणजे पन्नास वाघिणींच्या वीस-एकवीस रेल्वे, रोजच्या रोज. इथपर्यंत आलं की विधान कोसळलं असं वाटतं, आणि बरीच हुशार मुलं इथंच पेन ठेवतात. थोडं पुढं जायला हवं. विधानात ‘तहान’ म्हटलंय, सगळा वापर नाही. निव्वळ पिण्या-स्वयंपाकापुरतं पाहिलं तर साडेसहा लिटर ही अगदीच क्षुल्लक मदत नव्हे, मात्र ते पाणी शहरभर सारखं वाटलं गेलं आणि रेल्वे रोज आली असं धरलं तरच. ही दोन गृहीतकं उताऱ्यात आहेत की नाहीत ते बघा, नसतील तर तसं लिहा. उत्तर दीड पानात संपतं. आकडा कुठून घेतला ते कंसात एका शब्दात सांगावं, वाक्यच्या वाक्य उचलू नये. वेळेची वाटणी विचाराल तर दहा मार्कांच्या प्रश्नाला अठरा मिनिटं असतील तेव्हा पाच मिनिटं कच्च्या कामाला आणि पुस्तकाला, अकरा लिहायला, दोन वाचून पाहायला. पुस्तक लिहिण्याच्या मधे उघडायचं नाही. एकदा उघडलं की हात थांबतो आणि वाक्य पुस्तकाचं होतं.

हॉलमध्ये बाक लहान असतो, त्यावर दोनच पुस्तकं मावतात. ज्यातून सगळ्यात जास्त शोधावं लागेल ते उजव्या हाताला, दुसरं त्याखाली, बाकीची परवानगी असेल तशी पायाशी. जाड पुस्तक उघडल्या जागी मिटतं, म्हणून महिनाभर आधीपासून वापरून त्याची पाठ सैल झालेली बरी. पहिल्या फेरीत पुस्तकाला हात न लावता शेवटपर्यंत जायचं, शोधावं लागेल तिथं प्रश्नपत्रिकेवर फक्त टिंब. दुसऱ्या फेरीत टिंबांचा समाचार, पण जवळजवळच्या कलमांचे प्रश्न एकत्र, म्हणजे पुस्तक पुढं-मागं उलटावं लागत नाही. एका टिंबाला तीन मिनिटांहून जास्त देऊ नये. सापडलं नाही तर अंदाजानं गोळा भरून पुढं, कारण बार परीक्षेत रिकामा गोळा आणि चुकलेला गोळा यांची किंमत सारखीच.

आणि तिसऱ्या फेरीला वेळ उरलाच तर तो उरलेल्या टिंबांवर घालवू नका. टिंब नसलेले, चटकन सोडवलेले प्रश्न पुन्हा बघा. त्यातही ज्यांच्या पर्यायात ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ असे शब्द आहेत किंवा ज्यात कलमाचा नंबर जुन्या कायद्यातला ओळखीचा वाटतो ते आधी. अशा पाच-सहांची पानं उघडून पाहायला चार मिनिटं पुरतात.